मार्तंडचा खुनी

"पण महाराज, माझं चुकलं तरी कुठं?"

हेरंब पाटणकरांनी पुन्हा तेच विचारलं. सकाळपासून ते बोरखिंडीच्या मठात बसून होते. समोर महाराज परातीत भिजवलेले वाल सोलत होते. उत्तर देण्याची त्यांना काही घाई दिसत नव्हती.

पाटणकर काही लहानसहान लेखक नव्हते. गुप्तहेर मार्तंडच्या कादंबऱ्यांनी एका पिढीला वेड लावलं होतं. त्या लिहिणारे अनंतराव कुळथे वारले, तेव्हा घरच्यांनी आणि प्रकाशकांनी मिळून मार्तंड पाटणकरांच्या हाती सोपवला. त्यांनी चार कादंबऱ्या लिहिल्या. चारही खपल्या. आणि प्रत्येक वेळी लोक म्हणाले, "छान आहे हो... पण हा आपला मार्तंड नव्हे."

ऐकून ऐकून कान किटले होते.

"सगळं तसंच ठेवलंय मी!" पाटणकर म्हणाले. "तीच तपकिरीची डबी. तोच लंगडता पाय. शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून तेच वाक्य, 'बसा, आता घाई कुणालाच नाही.' काना-मात्रेचा फरक नाही!"

"हो. वाचलंय मी."

"तुम्ही? मार्तंड?"

"दीक्षा घेतली तेव्हा सगळं सोडलं," महाराज जरा ओशाळून म्हणाले. "एवढं राहिलं."

पाटणकर सरसावून बसले. "मग सांगाच आता!"

"तो तपकीर का ओढतो?"

"कुळथ्यांनी ओढायला लावली म्हणून."

"त्यांनी का लावली?"

"...ते मला काय माहीत?"

महाराजांनी आणखी एक वाल सोलला. मग आणखी एक. पाटणकरांना ती परात उचलून अंगणात भिरकवावीशी वाटली.

"आमच्या थोरल्या महाराजांना दमा होता," महाराज म्हणाले. "आशीर्वाद देण्याआधी खोकायचे. ते गेले, गादी माझ्याकडे आली. मग मीही खोकायला लागलो. लोक म्हणाले, अगदी हुबेहूब!"

"मग?"

"मग काय? वैद्यबुवांनी काढा पाठवला. फार कडू होता."

पाटणकर ताडकन उठले.

"थट्टा करा! तुम्हीच तेवढे राहिला होतात." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "पण आता पुरे. पाचव्या पुस्तकात मी त्याला मारणार आहे. पहिल्याच पानावर. दिवाणखान्यात पालथा पडलेला मार्तंड, पाठीत सुरा. संपलं! मग बसा म्हणत, आपला की परका."

शाळेत भूमितीच्या पुस्तकाआड ज्याला वाचताना पकडले गेले, छड्या खाल्ल्या, आणि तरी घरी जाऊन उरलेलं प्रकरण पुरं केलं, त्याच्याच पाठीत सुरा खुपसायची भाषा करत होते ते.

महाराजांचे हात थांबले. त्यांनी परात बाजूला सारली आणि गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे झुकले.

"कुणी मारला?"

"अं?"

"मार्तंडला. कुणी मारला?"

आजवर पहिली ओळ लिहिण्याआधीच पाटणकरांना खुनी ठाऊक असे. कारण, हत्यार, वेळ, सगळं आधी ठरवून मगच ते लेखणी उचलत. आत्ता त्यांनी मनातल्या त्या दिवाणखान्यात डोकावून पाहिलं. दार आतून बंद होतं. खिडकीही.

"...माहीत नाही," ते हळूच म्हणाले. आणि पिशवी तशीच खांद्याला ठेवून खाली बसले.

महाराजांनी परात पुन्हा पुढे ओढली.

"तो तर मेला," महाराज म्हणाले. "मग आता शोधणार कोण?"