ठुशीचा चौथा मोजा

या या, जवळ बसा. पाय पांघरुणात घ्या. या गोष्टीत फार थंडी आहे. आणि फार फार राग आहे!

एक होती खार. एवढीशी. नाव तिचं ठुशी.
ठुशीचा मामा राहायचा परदेशात. उंच उंच डोंगरावर. बर्फात.
मामानं निरोप धाडला, "ये गं ठुशे, सुट्टीला ये."
आईनं मोजे विणले. लोकरीचे. लाल लाल. पाय चार, मोजे चार.
ठुशी निघाली.

पण प्रवास कसला तो! विमान उशिरा उडालं. ठुशीला आला राग. पेटी भलत्याच गावाला गेली. आणखी राग. खाऊची पुडी फाटली. दाणे सांडले, गड गड गड. आणखी आणखी राग!

मग आली डोंगरातली बस. घुर्र घुर्र चढ चढली. चहाच्या टपरीपाशी थांबली. ठुशी बर्फ बघायला उतरली. मारली उडी, तर एक मोजा पायातून सुटला. तेवढ्यात बस मागे सरकली, टीचभर. आणि चाक बसलं मोज्यावर!

ठुशीनं मोजा ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना. तीन पाय मोज्यात, चौथा पाय बर्फात!
ठुशीची शेपटी फुलली. फण् फण् फण्!

ती बसला म्हणाली,
"बसबाई, बसबाई, चाक उचल.
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
बस म्हणाली, "घुर्र! मी नाही हलत, जा. आधी दोर्जेकाकांना सांग. बस चालवतात ते."

ठुशी निघाली. टप, टप, टप, आई गं! टप, टप, टप, आई गं!
दोर्जेकाका बाकावर बसले होते. शाल गुंडाळून.
"काका, काका, बस चालवा.
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
काका म्हणाले, "मी नाही उठत, जा. माझी बोटं आखडलीत. आधी पेमाआजीला सांग. गरम चहा दे म्हणावं."
"असं कसं?" म्हणाली ठुशी. फण् फण् फण्!

टप, टप, टप, आई गं!
पेमाआजी टपरीत बसली होती. किटली रिकामी.
"आजी, आजी, चहा कर.
काका उठेनात,
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
आजी म्हणाली, "मी नाही करत, जा. दूध कुठाय? आधी याकमावशीला सांग."
"असं कसं?" फण् फण् फण्!

टप, टप, टप, आई गं!
याकमावशी गोठ्यात उभी होती. केसाळ केसाळ. डोळेसुद्धा दिसेनात.
"मावशी, मावशी, दूध दे.
आजी चहा करीना,
काका उठेनात,
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
याकमावशी म्हणाली, "हंऽऽ! मी नाही देत, जा. पोटात गवत नाही. गवत बर्फाखाली. आधी बर्फाला सांग."
"असं कसं? असं कसं?" फण् फण् फण्!

टप, टप, टप, आई गं!
बर्फ कुरणावर पसरला होता. पांढरा पांढरा. गार गार.
"बर्फोबा, बर्फोबा, वितळ.
याक दूध देईना,
आजी चहा करीना,
काका उठेनात,
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
बर्फ म्हणाला, "मी नाही वितळत, जा. ऊन कुठाय? आधी सूर्यदादाला सांग."

सूर्य तर वर. मग ठुशी देवदारावर चढली. सर सर सर! चढता चढता पाय लाल झाला. नाक लाल झालं.
"दादा, दादा, बाहेर ये.
बर्फ वितळेना,
याक दूध देईना,
आजी चहा करीना,
काका उठेनात,
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
आतून आवाज आला, "मी नाही येत, जा. समोर ढग बसलाय. आधी त्याला सांग."

ढग शेंड्यावरच बसला होता. ढोल्या. आडवातिडवा.
"ढगोबा, ढगोबा, बाजूला सर.
सूर्य दिसेना,
बर्फ वितळेना,
याक दूध देईना,
आजी चहा करीना,
काका उठेनात,
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
ढग म्हणाला, "मी नाही सरत, जा. मला पाय आहेत का? आधी वाऱ्याला सांग. तो ढकलतो मला. झोपलाय बघ, तिकडे, ढोलीत."
"असं कसं? असं कसं? असं कसं?" फण् फण् फण् फण्!

ढोलीत वारा झोपला होता. घोरत होता. सूंऽऽ, फुस्! सूंऽऽ, फुस्!
"वारोबा, वारोबा, ऊठ.
ढग सरेना,
सूर्य दिसेना,
बर्फ वितळेना,
याक दूध देईना,
आजी चहा करीना,
काका उठेनात,
बस हलेना,
मोजा सुटेना,
आणि माझा पाय गारठला!"
वाऱ्यानं एक डोळा उघडला.
"मी नाही उठत, जा. उद्या ये."
आणि डोळा मिटला.

उद्या?
ठुशीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं. मग तिला आला राग. असा राग, असा राग, की कानाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नुसता राग!
"नाही जाणार!" ठुशी ओरडली. "इकडे जा म्हणता, तिकडे जा म्हणता. पाय माझा गारठलाय! मी आता कुठ्ठे कुठ्ठे जाणार नाही! तूच ऊठ!"
ती ढोलीच्या तोंडाशी बसली. फतकल मारून. आणि ढोलीत तोंड घालून ओरडली,
"ऊठ!"
ढोली घुमली. ऊठ ऊठ ऊठ!
"ऊठ!"
ऊठ ऊठ ऊठ!
"ऊऽऽऽठ!"
वारा ताडकन उठला. कान चोळत म्हणाला, "अगं हो हो हो! उठलो बाई, उठलो! एवढीशी तू, केवढा तुझा आवाज!"

आणि मग काय!
वारा उठला, सूंऽऽऽ!
ढग सरला, सर्रर्र!
सूर्य दिसला, लख्ख!
बर्फ वितळला, ठिब ठिब ठिब.
गवत वर आलं. याकमावशीनं खाल्लं, कचर कचर.
याकनं दूध दिलं, चुर्र चुर्र.
आजीनं चहा केला, खळ खळ खळ.
काका चहा प्यायले, फुर्र फुर्र. काका उठले.
बस हलली, घुर्रर्र!
आणि मोजा सुटला!

पण कसा होता मोजा? चपटा! काळा! ओला चिंब! वर चाकाची नक्षी!
ठुशीनं कमरेवर हात ठेवले.
"हे कोणी केलं?"
बसनं दिवे मिटले. काकांनी शाल तोंडावर ओढली. याकमावशीनं मान वळवली.
"सगळे म्हणालात, मी नाही, मी नाही. आता बोला!"
दोर्जेकाका खाली वाकले. अगदी तिच्या नाकापर्यंत खाली.
"चुकलं गं पोरी. तुझा पाय बघायला हवा होता आधी."
"हो!" म्हणाली ठुशी. "बघायलाच हवा होता!"

मग काकांनी मोजा धुतला. वाऱ्यानं झटकला. सूर्यदादानं वाळवला. आजीनं गरम किटलीवर धरला. छान उबदार झाला. काका गुडघ्यावर बसले. त्यांनी स्वतः तो ठुशीच्या पायात घातला. आजीनं वाटीभर दूध दिलं. वर साय.
ठुशी दूध प्यायली. हसली मात्र नाही.
"खिडकीची जागा माझी," ती म्हणाली.
"तुझीच," म्हणाले काका.

घुर्र घुर्र, बस डोंगर चढली. वळणावर मामा उभा. उड्या मारतोय, हात हलवतोय.
"आलीस! आलीस! प्रवास कसा झाला गं ठुशे?"
ठुशी बसमधून उतरली. टप, टप, टप, टप.
म्हणाली, "आधी जेवायला वाढ, मामा. मग रागावून सांगते!"