गायीनं तपासलेला नकाशा

ही ऐकीव गोष्ट नाही बरं, मी तिथंच बसले होते. त्या दुष्काळात आमच्या गावची गुरं हंबरायचीसुद्धा थांबली होती. गावानं चारा छावणी मागितली, तर पाहणीला तालुक्याचे कुलथे साहेब आले. उपग्रहाचे नकाशे वाचायला गावातल्या बायांना तेच शिकवायचे. त्यांनी पंचायतीच्या ओसरीवर नकाशा टांगला आणि ओढ्याकाठच्या हिरव्या पट्ट्यावर काठी आपटली.

"दोनशे एकर हिरवं! आणि म्हणे चारा नाही. छावणी मिळायची नाही."

"साहेब, ती वेडी बाभूळ आहे. गुरं तिचा पाला तोंडात धरत नाहीत," शिकणाऱ्यांतली द्वारका म्हणाली.

"चार दिवस शिकलात आणि मलाच शिकवता? उपग्रह आभाळातून सगळं बघतो, बाई."

द्वारका उठली. घरची कपिली गाय घेऊन आली, बरगड्या वर आलेली. येताना ओढ्यावरनं वेड्या बाभळीची हिरवीगार फांदी तोडून आणली होती, ती साहेबांच्या हातात दिली.

"भरवा."

तीन दिवसांची उपाशी गाय. तिनं फांदी हुंगली, मान फिरवली आणि नकाशाचा लोंबता कोपरा चघळायला लागली.

कुणी हसलं नाही.

"हिरवं आहे एवढं उपग्रहानं सांगितलं, साहेब," द्वारका म्हणाली. "खाण्याजोगं आहे का, ते जिला खायचंय तिला विचारा."

साहेबांनी उभ्या उभ्याच छावणीच्या अर्जावर सही केली.

छावणी आठव्या दिवशी उघडली. कपिली पाचव्याच दिवशी बसली, ती उठली नाही. द्वारका तरी रोज छावणीत जायची, दुसऱ्यांच्या गुरांपुढं पेंढ्या सोडायची.