शनिवारचा उतारू

"म्हंजे माल आला का नाय आला?"

हिराजी तांडेलांनी वल्हं पाण्यात टाकता टाकता विचारलं.

"आला, बाबा. पण आला असं धरायचं नाही," जयवंत म्हणाला.

"बोटीतून उतरला ना?"

"उतरला."

"आपल्याच जमिनीवर हाय ना?"

"आहे. पण कुंपणाच्या आत. कायद्याने ती जागा परदेशच."

म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या.

जयवंत पोरेला चेवच आला. खाडीच्या अलीकडे मुक्त व्यापार क्षेत्र उभं राहिलंय. सगळे त्याला झोन म्हणतात, आणि त्यात जयवंतचं भलंमोठं गोदाम आहे. मोठमोठ्या साहेबांना त्याने झोन समजावला होता. होडीवाल्याला समजावणं म्हणजे हातचा मळ. पण लहानपणी याच होडीवाल्याने त्याच्या हातात पहिलं वल्हं दिलं होतं, आणि गुरूपुढे हुशारी दाखवायची त्याची हौस काही फिटत नव्हती.

"असं बघा. जपानहून पंख्याच्या मोटर आणल्या, चीनहून पाती. आत जोडून पंखे केले. ते आफ्रिकेला पाठवले तर ड्यूटी, म्हणजे सरकारची जकात, शून्य. इथे विकायचे झाले, तर जेवढे फाटकाबाहेर काढू तेवढ्यांचीच भरायची. तोवर पैसा आपल्याच हातात खेळता."

"आत किती दिस ठेवायचा?"

"वर्षानुवर्षं. कुणी घाई करत नाही. तोच तर फायदा."

"आनि आतच सडला तर?"

जयवंत हसला. "मग परवानगी काढायची आणि जाळून टाकायचा. ड्यूटी माफ!"

म्हाताऱ्याने मान डोलावली.

होडी मध्यावर आली. पलीकडचा धक्का दिसू लागला, धक्क्याच्या मागे कौलं, आणि निळ्या फळ्यांचं एक शिंप्याचं दुकान. जयवंतची बडबड थांबली. इथवर आलं की ती दर शनिवारी थांबायची.

ते दुकान त्याच्या वडिलांचं, अण्णांचं. अकरा वर्षांपूर्वी तो तिथेच, भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "लोकांच्या सदऱ्यांना काजं करत जन्म नाही घालवायचा मला." अण्णा एवढंच म्हणाले होते, "मग जा."

तो गेला. पैसा झाला, नाव झालं. चार वर्षांपूर्वी त्याने अण्णांसाठी जपानहून काजाचं मशीन मागवलं. ते अजून झोनमध्ये खोक्यात बंद आहे. आधी ड्यूटी उतरेल म्हणून ठेवलं, मग दिवाळी येऊ दे म्हणून, मग अण्णाच आधी निरोप धाडतील म्हणून. खरं सांगायचं तर माफी मागायची त्याला लाज वाटत होती, आणि घरची ओढ काही त्याला स्वस्थ बसू देत नव्हती.

म्हणून गेली दोन वर्षं तो दर शनिवारी होडीत बसायचा. होडी पलीकडे लागली की अण्णांच्या जुन्या मशीनचा खडखडाट कान देऊन ऐकायचा, आणि न उतरता परत फिरायचा.

या होडीचा रिवाज जुना. पैसे चढताना घेत नाहीत, पलीकडे पाऊल टाकलं की घेतात. त्यामुळे या दोन वर्षांत म्हाताऱ्याने जयवंतकडून एक रुपया घेतला नव्हता. जयवंतला वाटायचं, बाबांचा आपल्यावर जीव आहे.

होडी धक्क्याला लागली.

जयवंतने कान दिला...

"बाबा, मशीन वाजत नाही आज?"

"म्हैना झाला. नजर गेली त्याची. परवा काठी टेकत धक्क्यावर आला व्हता. माज्याकडून सुईत दोरा ओवून घेतला."

खालच्या मानेने जयवंतने विचारलं, "काही... म्हणाले?"

"इचारत व्हता. शनवारी होडीत कोन बसतो, जो उतरत नाय?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, अजून कोनी आला नाय."

खाडीचं पाणी धक्क्याला चापट्या मारत राहिलं. जयवंतचे डोळे भरून आले. त्याने ते शर्टाच्या बाहीने पुसले.

"पुढच्या शनिवारी येतो, बाबा. ड्यूटी भरतो, मशीन सोडवतो, घेऊनच येतो. रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

दर शनिवारी म्हातारा होडीचा दोर हातातच धरून ठेवायचा. आज त्याने तो खांबाला गुंडाळला, गाठ मारली. वल्हं उचलून धक्क्यावर ठेवलं...

मग घट्टे पडलेला तळहात जयवंतपुढे पसरला.

"वीस रुपये काढ."