शेवंतीचा घास

फार वर्षांपूर्वी एका तेल्याच्या घरी भुऱ्या नावाचा म्हातारा कुत्रा आणि शेवंती नावाची मांजर राहत असत. एके सकाळी घरधनीण गोदाक्कानं उंदरांसाठी कणकेत विष कालवून ठेवलं. दुपारी एक उंदीर झोकांड्या खात अंगणात आला.

"शेवंते, त्याला तोंड लावू नकोस. अंगाला भलताच वास येतोय त्याच्या," भुऱ्या कळवळून म्हणाला.

"आयता घास सोडू होय?" म्हणत शेवंतीनं तो फस्त केला.

थोड्याच वेळात ती तडफडू लागली. भुऱ्या भुंकून भुंकून गोदाक्काला बोलावत राहिला.

"गप रे मेल्या!" म्हणत तिनं त्याला गोठ्यात नेऊन बांधलं.

परतताना तिला शेवंती दिसली. ती केव्हाच थंड पडली होती. तिला पोटाशी धरून गोदाक्का हुंदके देत म्हणाली, "मी तर उंदरांसाठी ठेवलं होतं गं!"

गोठ्यात भुऱ्यानं मान खाली घातली.