दोन्ही संघांचा रोलर

फार पूर्वी नदीकाठच्या मैदानावर एका क्रिकेट क्लबचा दगडी रोलर होता. सामन्याआधी दोन्ही संघांनी मिळून त्याला खेळपट्टीवरून ओढायचं, अशी तिथली रीत. ओढणाऱ्यांच्या थट्टामस्करीत तो सुखात होता.

मग इंजिनवाला रोलर आला. "आजोबा, आता बसा निवांत," तो म्हणाला. म्हातारा कुंपणाशी गवतात पडून राहिला. खेळपट्टी गुळगुळीत झाली, पण खेळाडू एकमेकांशी बोलेनासे झाले. एका रविवारी तर दोन्ही कप्तान नाणेफेकीवरूनच हातघाईवर आले.

पंच दामूतात्या खवळले. "आधी जुना रोलर ओढा, मग भांडा!" सगळे चरफडत दांड्याला भिडले.

"खेळपट्टी तर मी केव्हाच केली," नवा कुरकुरला. "मग तुम्हाला कशाला ओढताहेत?"

"गप्प बस आणि ऐक," म्हातारा म्हणाला.

एक कप्तान दुसऱ्याला हसत म्हणत होता, "जोर लाव की लेका, जेवून आला नाहीस काय?"