शिरीषाचा पोटभाडेकरू

झाडं आणि पाखरं एकमेकांच्या शब्दावर राहायची, त्या काळातली ही गोष्ट. चैत्रातला दिवस होता. ऊन मी म्हणत होतं आणि वारा पडलेला. झाडाचं पानही हलत नव्हतं. तरी म्हाताऱ्या शिरीषाची एक मोठी फांदी कडाडून खाली आली.

नेमकी तेव्हाच साळुंकी परतली. शिरीषानं तिला ढोली राहायला दिली होती ती एका बोलीवर, की खोडातल्या अळ्या तिनं वेचून खायच्या. पण हिवाळाभर गुरांमागं हिंडायचं म्हणून तिनं ढोली राघूला दिली आणि अळ्यांचं कामही त्यालाच सांगितलं. राघू "हो, हो" म्हणाला, आणि पेरू पिकताच बागेत निघून गेला.

"अळ्यांनी फांदी पोखरली माझी," शिरीष म्हणाला. "तू दुसरं घर बघ."

साळुंकीचे अंडी घालायचे दिवस भरत आले होते. ती घाबरली.

"आजोबा, राघूला विचारा ना! राहत तर तो होता."

"राघूला मी ओळखत नाही, बाई. ढोली मी तुला दिली होती."

साळुंकी सालीत चोच घालून अळ्या वेचायला लागली, ती दिवस मावळेपर्यंत.

"अंडी घाल," शेवटी शिरीष म्हणाला. "पण काम आता तूच करायचं."

शेजारची खार सगळं बघत होती. ती हळूच म्हणाली, "साळूबाई, एक विचारू? राघूला अळी खाताना तू कधी पाहिलं होतंस का गं?"