खेकडीच्या पिल्लाचा शेवट

फार फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावात मीठ पिकवणारा एक माणूस राहत होता. दिवसभर तो मिठागरात राबे. दिवेलागण झाली, की पाय धुऊन लेकरांच्या अंथरुणाशी येऊन बसे आणि गोष्ट सांगे. कितीही धुतले तरी त्याच्या हातांना मिठाचा वास येई.

त्याची थोरली लेक सगुणा, धाकटा लेक धाकू. दोघांत बारा वर्षांचं अंतर. सगुणा लग्न होऊन खाडीपलीकडे गेली, तेव्हा धाकू बोबडं बोलत होता. त्यामुळे बापाच्या गोष्टी दोघांनी ऐकल्या, पण एकत्र कधीच नाही.

पुढे बाप गेला. वर्षश्राद्धाला शाळेचे पंतोजी आले होते. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांच्या गोष्टींची चित्रांची पोथी करा. मी नकला करवून गावोगावच्या पोरांना देईन."

सगुणेचा हात चित्रांत चांगला, धाकूचं अक्षर सुरेख. चार महिने ती होडीतून येई आणि दोघं ओसरीवर बसून काम करत.

"कोल्ह्याचा आवाज काढताना बाबा नाक धरायचे ना रे?" सगुणा विचारी. धाकू नाक धरून बोलून दाखवी. दोघं पोट धरून हसत आणि पुन्हा कामाला लागत.

शेवटी एकच गोष्ट उरली. खेकडीच्या पिल्लाची. सगुणेने चित्र काढलं. पिल्लू बांध ओलांडून गेलंय आणि डोळे मोठे करून समुद्र बघतंय.

"ताई, हे चुकलं," धाकू म्हणाला. "पिल्लू बांधावरूनच परत फिरतं. आईची हाक ऐकतं, म्हणून भरतीतून वाचतं."

"छे! ते समुद्र बघून येतं आणि आई त्याला शाबासकी देते. शंभरदा ऐकलीय मी."

"मीही शंभरदा ऐकलीय. तू बाबांची गोष्ट बदलतेस."

हे सगुणेच्या फार जिव्हारी लागलं. ती तशीच उठली आणि होडीत जाऊन बसली. दोन महिने बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. पोथी अडली ती अडलीच.

एका संध्याकाळी सगुणा आपली चित्रं परत न्यायला आली. दारातच तिचं पाऊल थबकलं. आत धाकू आपल्या पाच वर्षांच्या मुलीला गोष्ट सांगत होता. मुलगी इतकी भित्री, की अंगणातही एकटी जात नसे.

"पिल्लू बांधावर आलं. तेवढ्यात आईने हाक मारली..."

"पुढे गेलं असतं तर वाहून गेलं असतं ना?" मुलीचा आवाज रडवेला झाला. "मी कध्धी कुठे जाणार नाही, बाबा."

धाकू थांबला. त्याने लेकीला जवळ ओढलं.

"ऐक तर खरं," तो हळूच म्हणाला. "आई म्हणाली, जा बाळा, मी इथेच उभी आहे. मग पिल्लू बांध ओलांडून गेलं आणि समुद्र बघून आलं."

दारातल्या सगुणेला एकदम उमगलं. लहानपणी तीही अशीच होती, आईचा पदर न सोडणारी. आणि धाकू? ती माहेरी आली की बघायची, तो ऐन भरतीत बांधावरून धावायचा. एकदा तर बाबांनी त्याला केसांना धरून खाडीतून ओढून काढलं होतं.

ती आत गेली. धाकूने मान वर केली.

"ताई, तुझीही गोष्ट खरी होती गं."

"तुझीही," सगुणा त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "बाबांना मला बाहेर धाडायचं होतं रे, आणि तुला थांबवायचं होतं."

बाप गेल्यापासून दोघं वेगवेगळी रडली होती. त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र रडली.

पोथीत त्या गोष्टीचे दोन्ही शेवट आले, चित्रांसकट. पंतोजींनी नकला करवल्या आणि पोथी गावोगाव पोचली. घराघरांतले आईबाप आधी लेकराच्या तोंडाकडे बघत, मग कोणता शेवट वाचायचा ते ठरवत. सगुणा आणि धाकूमध्ये पुन्हा कधी अबोला झाला नाही.

तात्पर्य: आईबाप प्रत्येक लेकराला त्याच्या गरजेचं देतात, म्हणून आपल्या वाट्याला आलं तेवढंच खरं, असं कुणी समजू नये.